चहाचा खर्च कुठं मांडायचा?

(कोल्हापुरातल्या एका सेवा क्लबच्या नव्या वर्षाच्या पहिल्या बैठकीतलं भाषण. थोडी काटछाट करून.)

अध्यक्ष, सेक्रेटरी, आणि असल्या पावसातही आलेली मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘वर्षभराचं रक्तदान : एक आखणी’. त्यावर येतोच. वीस मिनिटं दिली होती, त्यातली पाच सत्कारात गेली, आता जेवढी उरलीत तेवढ्यात बसवतो. पण कार्यकारिणीचं टिपण परवा घरी आलं आणि त्यातला चौथा मुद्दा वाचल्यापासून मला स्वस्थता नाही, तेवढं आधी बोलून घेऊ द्या. मुद्दा असा : मंगळवारच्या बैठकीचा चहा-नाश्ता बंद करावा, महिन्यातल्या तीन बैठका मोबाईलवर घ्याव्यात, आणि वाचलेले पैसे सेवाकार्याकडं वळवावेत.

वाचायला काय गोड वाटतं! विरोध करणारा आपोआप बटाटेवड्याचा लोभी ठरतो. तर तो लोभी मी. (हशा) बाहेरची माणसं आपल्याला खोचकपणे विचारतात, “तुमच्यात खाण्याशिवाय दुसरं काय चालतं का ओ?” मी त्यांना सांगतो, जे काय चालतं ते खाण्यामुळंच चालतं. त्यांना ती गंमत वाटते. मी गंमत करत नसतो.

असल्या क्लबांचं मूळ जिथं आहे तिथलंच बघा. रोटरी सुरू झाली २३ फेब्रुवारी १९०५ ला, शिकागोत. पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी आणि एक खाणीचा इंजिनीअर. समाजसेवा हा शब्दही कुणाच्या मनात नव्हता. मोठ्या शहरात चार ओळखी व्हाव्यात, एकमेकांच्या धंद्याला हात लागावा, एवढाच हिशेब. पाळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात बसायचे. समाजाचं पहिलं काम त्यांनी हाती घेतलं ते १९०७ मध्ये, आणि ते कसलं? शहरात सार्वजनिक शौचालय बांधायचं! म्हणजे सुमारे दोन वर्षं नुसती बसाउठी. आपल्या कार्यकारिणीनं त्या चौघांना पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, “आऊटपुट काय?” पुढं त्याच संघटनेनं १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. एकट्या रोटरीचं ते श्रेय नव्हे. सरकार होतं, जागतिक आरोग्य संघटना होती, आणि उन्हातान्हात दारोदार फिरलेल्या अंगणवाडीताई होत्या, ज्यांचा फोटो आपण कधी छापत नाही. असो, तो विषय वेगळा.

आणि शिकागोला तरी कशाला जायचं? आपल्या शाहू महाराजांनी काय केलं? पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं, आणि स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले. बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावलं. मागासवर्गीयांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागांचा हुकूम १९०२ चा, तो इतिहासात आहेच. पण हुकूम कागदावर निघतो. चहा प्यायला माणसाला शेजारी जाऊन बसावं लागतं. त्या कपांचा खर्च महाराजांच्या खासगीकडच्या माणसानं कुठल्या सदरात मांडला असेल, मला फार उत्सुकता आहे.

आपल्या पेठापेठांतल्या तालीम मंडळांचंही तसंच. बाहेरच्याला वाटतं, पोरं कट्ट्यावर नुसती टवाळक्या करतात, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच झाली की पेठापेठांत भांडतात. करतात, भांडतातही. पण होळीला हीच पोरं होळी लहान करून उरलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, गाडीत भरून पंचगंगा स्मशानभूमीला देतात. आपल्याकडं महापालिका अंत्यविधीचे पैसे घेत नाही, त्या सोयीला हा हातभार. याची इतिवृत्तं कुणी लिहिली? सूचक-अनुमोदक कोण होते? कट्ट्यावर एकजण म्हणाला, “चला रं”, आणि गेले.

आता माझी आवडती गोष्ट. काहींनी ऐकलीय, त्यांनी खिडकीतून पाऊस बघावा. (हशा)

ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला, पुण्याकडनं काडी येईना. उपसा केंद्रं पाण्यात, म्हणजे चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. वीज नाही, मोबाईल मेलेले. एका मंगल कार्यालयात चिखली-आंबेवाडीकडची माणसं आणून ठेवली होती, तिथं आपला क्लब होता. आता सांगा, ऑनलाईन बैठकीतलं कोण तिथं कामाला आलं असतं? कुणाच्या रानात बोअर आहे आणि ट्रॅक्टरला टाकी आहे, हे आम्हाला ठाऊक होतं, कारण तो गडी दर मंगळवारी त्या बोअरच्या मोटरीचं रडगाणं गायचा. आम्ही वैतागायचो. पण त्या दिवशी फोन न लावता सरळ त्याच्या दारात गेलो. एकाच्या मेव्हण्याचं औषधाचं दुकान होतं, तेही वड्याबरोबरच कळलेलं. कार्यालयात साखरेचे पेशंट होते आणि फ्रीज बंद. एका सभासदाच्या आईंना इन्सुलिन घ्यावं लागायचं, म्हणून त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, माहीत होतं की ओल्या वाळूत मडकं ठेवून ते गार राखता येतं. मुली-बायकांच्या पॅडची यादीही वहिनींनीच केली. आम्ही पुरुष तांदूळ-डाळीच्या पुढं गेलोच नव्हतो.

मग पाणी उतरलं, हायवे सुटला आणि लांबलांबनं गाड्या आल्या. भाकरी आल्या, चटण्या आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या. त्या माणसांना आजही हात जोडतो. पण एका ट्रकमधून नुसती जुनी कापडं उतरली. ढीगच्या ढीग! लोकरीचे कोट, जाळीच्या साड्या, एकेकच बूट, कुणाच्या तरी लग्नातली जरीची शेरवानी. चिखलीकडची एक आजी ती शेरवानी हातात धरून मला म्हणाली, “अरं लेकरा, पूर आलाय आमच्यात, वरात न्हाई.” बरं, ट्रकवाल्यांना थांबायला वेळ नव्हता, फक्त बॅनर सरळ धरून फोटो पाहिजे होता. जिथं माणसं झोपत होती ती निम्मी जागा त्या ढिगानं खाल्ली. निवडायला आमचीच माणसं लागली, आणि बरंचसं शेवटी टाकावं लागलं.

त्यांची नियत वाईट नव्हती, हे मी नेहमी सांगतो. पैसाही त्यांनी आमच्यापेक्षा जास्तच घातला असणार, डिझेलच केवढ्याचं! पण इथल्या एकाही माणसाला ते ओळखत नव्हते, त्यामुळं काय पाहिजे हे विचारायचं कुणाला, तेच त्यांना कळलं नाही. चहा कापून वाचलेल्या पैशात आपणही दरवर्षी असा एक ट्रक भरू शकू. ट्रक भरणं सोपं आहे. चहाला नुसता खर्च म्हणणं म्हणजे मिसळीतला कट काढून टाकायचा आणि फरसाणाचं वजन करत बसायचं.

सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवलीय. ‘चार मिनिटं.’ बरं. रक्तदान.

भराभर सांगतो. आपण वर्षातनं एक दांडगं शिबिर घेतो. बाकीचेही तेच करतात, आणि तेही त्याच दिवसांत : शिवजयंती, १५ ऑगस्ट, शाहू जयंती, नाहीतर नेत्याचा वाढदिवस. त्या आठवड्यात रक्तपेढीला ठेवायला जागा नसते. पण साधी रक्ताची पिशवी टिकते ३५ दिवस. प्लेटलेट फक्त ५ दिवस. रविवारी दिलेल्या प्लेटलेट पुढच्या रविवारी डेंग्यूच्या पेशंटला उपयोगाच्या नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावाला, तेव्हा नातेवाईक दारोदार फिरतात. १९९८ पासून पैसे देऊन रक्तदाता आणायला देशात बंदी आहे, ती योग्यच आहे, पण मग आपण नियमानं दिलं पाहिजे की नको?

म्हणून आखणी. पुरुषाला तीन महिन्यांनी देता येतं, बाईला चार महिन्यांनी. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. आपल्यात आणि घरच्यांत मिळून ५२ जण काढू. चार-चारचे १३ गट. दर मंगळवारी बैठक संपली की एका गटानं रक्तपेढीत जायचं. १३ आठवड्यांचे ९१ दिवस होतात, म्हणजे पुरुषांची पाळी परत येईपर्यंत तीन महिने भरलेले असतात. बायकांनी एक फेरी सोडून पुढच्या फेरीला रक्त द्यायचं. त्यांच्या जागी कोण, त्याची दुसरी यादी करू. आदल्या दिवशी पेढीला फोन करून कुठला रक्तगट कमी आहे ते विचारायचं आणि लागलं तर पाळी बदलायची. ओ निगेटिव्हवाल्यांना पाळीत घालायचं नाही, त्यांना राखून ठेवायचं, मध्यरात्री फोन आला तर तेच लागतात.

एकटा माणूस तिसऱ्या मंगळवारी कंटाळतो. चौघं एका गाडीत बसले की कंटाळत नाहीत, कारण उरलेले तिघं घरी येऊन हाक मारतात. आणि महत्त्वाचं, उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं. कुठलीही रक्तपेढी पहिल्यांदा विचारते, “काही खाल्लंय का?” आता कार्यकारिणीनंच ठरवावं, वडा कुठल्या सदरात मांडायचा. (हशा, टाळ्या)

झालं, बसतोच. वही त्या टेबलावर आहे. नाव, रक्तगट आणि शेवटचं कधी दिलं ती तारीख लिहा. बीपीची, साखरेची गोळी चालू असेल तर तेही लिहा, पेढीचे डॉक्टर ठरवतील, आपण ठरवायचं नाही. माझी ६५ ला अजून दोन वर्षं आहेत, त्यामुळं पहिल्या गटात मी आहेच. तीन नावं झालीत, चौथं पाहिजे, येत्या मंगळवारसाठी. हां, मागं हात वर दिसतोय. या की पुढं. रक्तगट कुठला तुमचा?