घट कुणाच्या नावावर?

मागे उभ्या आहात त्या वहिनी, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. पत्रिकेत विषय छापलाय ‘ग्राहक भांडाराची तत्त्वं’. तत्त्वांवर येतोच. आधी एका पोत्याची गोष्ट सांगू द्या, कारण आपलं भांडार त्या पोत्यातून निघालं असं मी मानतो.

१९७२ चा दुष्काळ. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी कशी व्हायची, ते समोर बसलेल्या आज्यांना विचारा! कोपऱ्यावरच्या दुकानात आमचं उधारीचं खातं होतं. एकदा मायनं दोन किलो तूरडाळ आणली, शंका आली म्हणून शेजारच्या काट्यावर पुन्हा तोलली. पावशेर कमी भरली. पण ती दुकानात परत गेली नाही. मागची बाकी थकलेली होती, अन् बाकी असली की तोंड उघडत नाही. मुकाट्यानं तिनं डाळ डब्यात ओतली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पुढच्या सुगीला गल्लीतल्या दहा घरांनी पैसे गोळा केले आणि मोंढ्यातून ज्वारीचं शंभर किलोचं पोतं आणलं. हमालानं ते आमच्या ओसरीत टाकलं. दहा पिशव्या, उसना तराजू. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, तसं माय ‘लाभ’ म्हणाली आणि वाटप सुरू झालं. प्रत्येकीला पारडं जरा झुकतंच हवं. त्यात बारदानाचं वजन, खालचं मातेरं. दहाव्या पिशवीला नऊच किलो उरले. ती पिशवी गल्लीच्या टोकाच्या काकूंची, एकट्या राहायच्या. काही न बोलता त्या सांडलेले दाणे वेचायला लागल्या.

माय म्हणाली, “ओता गं सगळ्या पिशव्या परत.”

दोघीतिघी कुरकुरल्या, पण ओतल्या. पुन्हा तोललं. प्रत्येकीला नऊ किलो नऊशे ग्रॅम.

भांडाराच्या नोंदणीचा कागद यानंतर दोन वर्षांनी आला. १९६० च्या सहकार कायद्याला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. आमची दहा घरं तयारच होती. आपण वर्धापनदिन त्या कागदाच्या तारखेला करतो, ते मला आजही पटत नाही. घट वाटून घेतली, तो आपला पहिला दिवस.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग तत्त्वं भराभर सांगतो. इंग्लंडात रॉचडेलला १८४४ साली २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, एकेक पौंड घालून दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या, एवढाच माल. नियम मात्र पक्के: माप पुरं, माल निर्भेळ, व्यवहार रोखीचा, सभासदाला एकच मत, नफ्यातला परतावा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. आपल्याकडे १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. दुकानासारख्या संस्थांना वाट १९१२ च्या कायद्यानं मिळाली.

यातल्या रोखीच्या नियमासाठी मी आज उभा आहे. सभासदांना उधारी द्यावी असा ठराव थोड्या वेळात येणार आहे. हातावर पोट असणाऱ्यांची अडचण खरी आहे, त्यांच्यासाठी वेगळा मदतनिधी काढा, माझे पहिले पाचशे रुपये लिहून घ्या. पण गल्ल्यावर उधारीची वही ठेवू नका. त्या ठरावाला माझा विरोध नोंदवा.