मॅडम, हाई परीक्षा शे का?

नमस्कार श्रोतेहो.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात, मी एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी प्रश्नावली घेऊन गेले होते. दिवस कापूस वेचणीचे. मुलं गैरहजर का राहतात, हा माझा विषय. कागद वाटले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हाई परीक्षा शे का?" मी म्हटलं, "नाही गं, फक्त खरं खरं लिही."

तिने खरं लिहिलं. आईबरोबर वेचणीला जाते, ते पैसे घरात लागतात. वर तिचं नाव होतं, कारण नावाचा रकाना मीच छापून घेतला होता.

मधल्या सुट्टीत तो गठ्ठा ऑफिसातल्या टेबलावर ठेवून मी चहा घ्यायला गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर वेचणीला जाणाऱ्या मुलांना एकेकाचं नाव घेऊन उभं केलं. ती मुलगी खाली बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला पुढे पदवी मिळाली. तिचं काय झालं, हे विचारायला मी त्या गावी परत गेले नाही. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनातली नीती शिकवते, तेव्हा पहिला तास मी याच गोष्टीने सुरू करते.

आपल्याकडे प्रबंधात एक वाक्य ठरलेलं असतं: 'विद्यार्थ्यांची संमती घेण्यात आली.' कशी घेतली? बाईंनी सांगितलं, मुलांनी पेन काढलं. वर्गात मोठ्यांना नाही म्हणायचं असतं, हे आपण मुलांना कधी शिकवलंय? म्हणून कागद वाटायच्या आधी वर्गशिक्षकांना बाहेर थांबायची विनंती करावी, आणि मुलांना स्पष्ट सांगावं की नको वाटलं तर लिहू नका, कुणी रागावणार नाही, मार्क जाणार नाहीत. वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मुलांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी मान्यता सांगितली आहे, आणि तीही पालकांच्या संमतीबरोबरच, वेगळी. शाळेतल्या संशोधनानेही एवढं पाळायला काय हरकत आहे?

पालकांची संमती म्हणजे तर बहुतेकदा दप्तरातून पाठवलेला कागद आणि त्यावर अंगठा. आईबाप दिवसभर शेतात असतात. संध्याकाळी ओट्यावर बसून तो कागद अहिराणीत वाचून दाखवा. धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलात तर पावरीत, भिलीत सांगू शकणारं माणूस बरोबर न्या. वेळ जातो, पण तो वेळ संशोधनाचाच भाग आहे.

भाषेवरून आठवलं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमात १९३९ साली २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यांतल्या चांगल्या बोलणाऱ्या काही मुलांनाही सांगत राहिले की तुझं बोलणं अडखळतंय. मुलं तोंड उघडायला कचरू लागली. तो प्रयोग करणाऱ्या आयोवा विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ साली! आपण असं मुद्दाम करत नाही, हे मान्य. पण घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराची चाचणी पुस्तकी मराठीत घ्यायची आणि 'भाषिक क्षमता कमी' असा निष्कर्ष छापायचा, त्याने त्या पोराच्या मनावर काय कोरलं जातं? तो निष्कर्ष त्याच्या गुरुजींपर्यंत पोचतो, गुरुजींच्या बोलण्यातून त्याच्यापर्यंत.

संशोधकाने घरबसल्या स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्यांबद्दल मी जास्त बोलत नाही. ती चोरी आहे.

श्रोतेहो, तुमच्या मुलाच्या शाळेत असं कुणी आलं, तर जरूर विचारा: कागदावर नाव लागणार आहे का, की नुसता क्रमांक? नाव आणि क्रमांकाची यादी कुणाच्या कपाटात राहणार? काम झाल्यावर गावात येऊन काय सापडलं ते सांगणार का? विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी एक विद्यार्थिनी चोपडा तालुक्यात गेली होती. तिचं बोलणं ऐकून दोन मुलगे उठले, "आमाले नही लिखनं" म्हणाले आणि मैदानात खेळायला गेले. तिने प्रबंधात तसंच लिहिलं: दोघांनी नकार दिला. ते वाक्य वाचून मी त्याखाली पेन्सिलीने बरोबरची खूण केली.