भ्रूणाच्या आधी कागद

[दांडिया बाजार, सकाळ. टेबलावर पसरलेली फाइल.]

लग्न साताऱ्याला लागलं, संसार बडोद्याचा. सरोगसीसाठी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या पोटी आपलं मूल वाढवण्यासाठी, जॉर्जिया या देशात जायचं तर लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल लागतं, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारने दिलेली खूण. साताऱ्याचा दाखला घेऊन गांधीनगरला गेलात तर हात हलवत परत याल. कागद ज्या राज्याचा, पहिला शिक्का त्याच राज्याचा. म्हणजे आधी मुंबई, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल स्टिकर.

[जवळून: शाळेचा दाखला आणि पासपोर्ट, शेजारी शेजारी.]

आता नावं बघा. दाखल्यावर सुनीताबेन, पासपोर्टवर सुनीता. गुजरातेत वाढलेल्या माणसाला यात काही खटकत नाही. जॉर्जियाच्या राजधानीतल्या, तिबिलिसीतल्या नोटरीला मात्र या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. सरोगसीचा करार पासपोर्टवरच्या नावाने होतो. तेव्हा बाकीचे कागद पासपोर्टशी जुळवायचे, आणि तेही उपचार सुरू व्हायच्या आधी.

[आणंदकडे जाणारा रस्ता, गाडीतून.]

हाच रस्ता एकेकाळी उलटा वाहत होता. परदेशी जोडपी सरोगसीसाठी आणंदला यायची. २००८ साली इथे एका जर्मन जोडप्याची जुळी मुलं जन्मली. जर्मनी सरोगसी मानत नव्हती, भारत पासपोर्ट देत नव्हता. मुलं दोन वर्षांहून जास्त काळ इथेच अडकली. २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना दार बंद झालं. मग आला २०२१ चा सरोगसी कायदा. सरोगेट स्त्रीला औषधोपचार, विमा आणि नियमात ठरवून दिलेल्या खर्चापलीकडे पैसे द्यायचे नाहीत. ती २५ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी. अशी बाई शोधून दाखवा. म्हणून जोडपी जॉर्जियाला जातात, काही जण इथे तयार झालेलं भ्रूण सोबत घेऊन.

[लॅब. झाकण उघडतं, पांढरी वाफ.]

हा नायट्रोजन, उणे १९६ अंश. पाच दिवसांचं भ्रूण या प्लॅस्टिकच्या काडीच्या टोकाला, एका थेंबाहूनही कमी द्रवात गोठवलेलं असतं. प्रवासाचं भांडं वेगळं. त्यात नायट्रोजन सांडेल असा नसतो, आतल्या सच्छिद्र थरात शोषलेला असतो. भांडं उभंच न्यायचं. आडवं झालं की नायट्रोजन भराभर उडतो आणि दिवसांचा हिशेब कोलमडतो. विमानतळावर एक्स-रे टाळायचं पत्र सोबत हवं. आणि भ्रूण स्वतःचे असले तरी देशाबाहेर न्यायला केंद्राच्या राष्ट्रीय सरोगसी मंडळाची परवानगी लागते. ती नको म्हणून काही जोडपी स्त्रीबीजं काढायलाच तिबिलिसीला जातात. रोजची इंजेक्शनं धरून दहा-बारा दिवसांचा मुक्काम तर होतोच.

[तिबिलिसी: जुनी घरं, मग कराराची पानं.]

जॉर्जियात १९९७ पासून सरोगसीला कायद्याने मान्यता आहे, स्त्री-पुरुष जोडप्यांसाठी. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी लोकांना बंदी जाहीर केली, १ जानेवारी २०२४ पासून. ती तारीख आली नि गेली, कायदा झाला नाही. पण घोषणेने घाबरवायचं ते घाबरवलंच. म्हणून करारात दोन गोष्टी तपासा. मधेच नियम बदलला तर पैसे कुठल्या टप्प्यापर्यंत परत मिळतात? आणि गर्भ राहिला नाही तर पुढचा प्रयत्न त्याच रकमेत आहे का? आपली सही ज्यावर होते ती जॉर्जियन प्रत बंधनकारक असेल, तर तिचं भाषांतर सरोगसी एजन्सीकडून नव्हे, स्वतःच्या माणसाकडून करून घ्या.

मूल जन्मतं. जिने पोटात वाढवलं तिचं नाव जन्मदाखल्यावर येत नाही.

[जन्मदाखला, जवळून. वळणदार जॉर्जियन अक्षरं.]

या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ नाही. सुनीताच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ई असतील, तर जॉर्जियनमधून परत येताना आय होऊन येऊ शकतो. तेवढ्याने भारतीय दूतावासातलं काम अडतं. तिथे जन्माची नोंद एका वर्षाच्या आत करायची. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी.

म्हणून ही बाई बघा. बाळ मांडीवर आहे, आणि दाखला छापायच्या आधी ती पासपोर्ट उघडून एकेक अक्षर बोटाने जुळवते आहे.