भांड्यातलं तापमान सांभाळताना

उन्हाळ्यात घरी बिअर करणारे हमखास विचारतात, खोली 32 अंशांवर आहे, बॅच लावू का? मी त्यांना उलट विचारतो, भांड्यातलं तापमान किती? या दोन आकड्यांत अंतर असतं आणि ते अंतर यीस्टमुळे पडतं.

साखरेचं अल्कोहोल होताना उष्णता बाहेर पडते, एक किलो साखरेमागे साधारण 600 किलोज्यूल. 20 लिटरच्या बॅचमध्ये दीड-दोन किलो साखर आंबते. त्यातली सगळी उष्णता आतच कोंडली, तर बिअर दहा ते चौदा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी बाहेर निघून जाते, तरी किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, भरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंश वर चढतं. एल हा बिअरचा घरी सहज जमणारा प्रकार; त्याच्या बहुतेक यीस्टना 18 ते 22 अंश मानवतात. 35 अंशांवर ते मरत नाही, उलट झपाट्याने कामाला लागतं; पण त्या घाईत एस्टर आणि फ्यूजेल अल्कोहोल ही वास-चव बदलणारी द्रव्यं भरमसाट तयार होतात. मग बिअरला केळ्याचा नाहीतर थिनरचा वास येतो, घोट घेतला की घसा जळजळतो. ती जळजळ बाटल्या कितीही मुरवल्या तरी फारशी कमी होत नाही.

यंत्रं नव्हती तेव्हा यावर एकच इलाज होता, उन्हाळ्यात बिअर करायचीच नाही. बव्हेरियात 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करायला सरळ बंदीच घातली होती. आपल्याला इतकं टोकाला जायची गरज नाही, कारण खरी कसोटी पहिल्या तीन दिवसांची असते. चव बिघडते ती बहुतांशी तेव्हाच.

म्हणून सुरुवात थंड करा. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं, त्यामुळे वर्ट, म्हणजे आंबवण्यासाठी उकळून काढलेला माल्टचा गोड रस, 30 अंशांच्या खाली उतरता उतरत नाही, आणि कंटाळून यीस्ट टाकलं जातं. टाकू नका. निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, झाकण घट्ट लावून वर्ट बर्फाच्या पाण्यात ठेवा, 17-18 अंशांवर येऊ द्या, मगच यीस्ट घाला. त्यासाठी काही तास थांबावं लागलं तरी चालेल.

पुढचं काम पाण्यावर सोपवा. मोठ्या टबात फर्मेंटर ठेवा आणि त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा. जुना सुती टी-शर्ट भांड्याला असा घाला की त्याची खालची कड पाण्यात बुडलेली राहील. कापड आपोआप पाणी वर ओढून घेतं. समोर पंखा लावा. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, एक किलो बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट. कोरड्या हवेत हा उपाय फार गुणाचा आहे. दमट हवेत मात्र घाम वाळत नाही तसं हे कापडही वाळत नाही, आणि पंखा नुसता फिरत राहतो.

तिथे बर्फच हवा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून गोठवा आणि सकाळ-संध्याकाळ टबात बदला. एक किलो बर्फ 20 लिटर बिअर चार अंशांनी उतरवू शकतो, पण टबातलं पाणी आणि भोवतालची हवाही त्यात वाटा घेतात. टबाभोवती थर्मोकोल लावलं तर बाटल्या जास्त वेळ टिकतात. एकदम चार बाटल्या टाकून तापमान दहा अंशांवर नेऊ नका; यीस्ट तळाशी बसतं आणि काम अर्धवट सोडतं. तापमान थोडं जास्त असलं तरी स्थिर राहणं हे सारखं वरखाली होण्यापेक्षा बरं.

जुना फ्रीज आणि तापमान नियंत्रक जमत असेल, तर त्याला तोड नाही. फक्त त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. भांड्याच्या बाजूला, बिअरच्या पातळीखाली चिकटपट्टीने लावा आणि वर कापडाची जाड घडी बांधा. म्हणजे तो फ्रीजमधल्या हवेचं नाही, बिअरचं तापमान मोजेल.

यातलं काहीच शक्य नसेल तर यीस्ट बदला. नॉर्वेतल्या शेतघरांतलं क्वाइक नावाचं यीस्ट 30 ते 40 अंशांवरही स्वच्छ चव देतं. लागरचा, म्हणजे थंडाव्यात आंबवल्या जाणाऱ्या बिअरचा, हट्ट मात्र फ्रीजशिवाय धरू नये. त्याच्या यीस्टला 8 ते 13 अंश लागतात, आणि ते टबात राखणं म्हणजे दिवसभर बाटल्या वाहणं.

चौथ्या-पाचव्या दिवशी बुडबुडे मंदावले की बर्फ थांबवा. शेवटी तापमान दोन-तीन अंशांनी आपसूक चढलं तर ते हवंच असतं. त्या ऊबेत यीस्ट डायअसिटिल शोषून घेतं आणि बिअरमधली लोण्यासारखी चव निघून जाते.