एका ताटाची बेगमी

[दृश्य : सांगली, शिवाजी मंडई. भोगीच्या आदल्या दिवसाची सकाळ. पोत्यांवर मांडलेले भाज्यांचे वाटे.]

निवेदन :
भोगी तोंडावर आली की मंडईतला हिशेब बदलतो. एरवी इथं किलो, अर्धा किलो, पावशेर. आज पोत्यावर वाटे मांडलेत. एका वाट्यात दोन वांगी, दोन गाजरं, मूठभर पावट्याच्या शेंगा, थोडा घेवडा, हरभऱ्याचे घाटे, वर चार बोरं. भोगीच्या भाजीला लागतं ते सगळं, थोडं थोडं.

गर्दीत या आज्जी दिसतायत, निळ्या काठाची पिशवी घेतलेल्या, त्या एकच वाटा घेतात. सत्तरी ओलांडली आहे. मालक गेले, लेक पुण्यात. गावभागातल्या जुन्या घरात खाली त्या एकट्याच असतात.

एकट्या माणसाची भाजी अडते ती इथंच, तराजूपाशी. पाच भाज्या घ्यायच्या म्हटल्या तर पाच पावशेर, म्हणजे सव्वा किलो. चार दिवसांत त्यातली निम्मी मऊ पडते. असं दोनदा झालं की माणूस पाचाच्या दोन भाज्या करतो, मग बटाट्यावर येतो, आणि मग चहा-खारीवर. आळस म्हणून सहसा कुणी जेवण सोडत नाही. टाकून द्यावं लागतं, त्याला कंटाळून सोडतो.

आज्जींनी त्यावर वाट काढलीय. भोगी नसली तरी त्या वाटाच मागतात.

बाईट – आज्जी :
"ओळखीची भाजीवाली धरून ठेवायची. तिला म्हणायचं, पावशेरात तीन जिन्नस घाल. नवख्याला नाही देत. मला देती. वीस वर्षं तिच्याकडनंच घेते की."

[दृश्य : मेथीची पेंडी निवडणारे हात. अगदी जवळून.]

निवेदन :
वाट्याशिवाय एक मेथीची पेंडी घेतलीय. पेंडी काही निम्मी मिळत नाही, आणि एकट्या माणसाला ती फार होते. म्हणून ती घरी आल्या आल्या तिथंच तीन ठिकाणी जाते. हे नीट बघा.

कोवळी पानं वेगळी. ती आज दुपारी कच्चीच, बारीक चिरून, कांदा, शेंगदाण्याचं कूट, चटणी, मीठ, वर कच्चं तेल. हा घोळाणा. गॅस पेटवायचासुद्धा नाही. जून पानं कोरडी करून कापडात गुंडाळली, ती उद्या रात्री लसणावर परतायची. आणि जी थोडी पिवळट, थोडी चुरगळलेली उरली, ती चिरून ज्वारीच्या पिठात. थोडं बेसन, तीळ, ओवा. त्याची धपाटी. धपाटी दुसऱ्या दिवशीही दह्याबरोबर चालतात.

एक पेंडी, तीन जेवणं, आणि एकाची चव दुसऱ्यासारखी नाही.

[दृश्य : गिरणी. पट्ट्याचा आवाज. स्टीलच्या डब्यात पडणारं बाजरीचं पीठ.]

निवेदन :
गिरणीत चार-चार, पाच-पाच किलोंच्या डब्यांची रांग. आज्जींचा डबा त्यात सगळ्यात लहान. किलोभर बाजरी. पूर्वी एवढंसं दळण न्यायला संकोच वाटायचा, असं त्या सांगतात. खरं तर बाजरीचं दळण एवढंच असावं. बाजरीत ज्वारीपेक्षा स्निग्धांश जास्त, म्हणून पीठ दळून ठेवलं की काही दिवसांतच कडवट लागायला लागतं. घरभर माणसं असताना पाच किलो दळून आणावं लागतं. एकट्याला दर आठवड्याला ताजं पीठ खायला मिळतं. ही एकटं राहण्यातली सोय आहे आणि ती पुरेपूर घ्यावी.

[दृश्य : आज्जींचं स्वयंपाकघर. उंच फळीवर डबे आणि चिनी मातीच्या बरण्या.]

निवेदन :
फळी इतकी उंच का, असं आम्ही विचारलं. उत्तर कृष्णेत आहे.

[दृश्य : आयर्विन पूल, खांबांवरच्या पातळीच्या खुणा.]

निवेदन :
आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं आणि गावभाग, मारुती रोड पाण्यात होते. 2005 नंतरचा हा मोठा पूर. 2021 मध्ये पुन्हा आलं. तेव्हापासून या घरात आधी डबे वर जातात, मग बाकीचं सामान.

[दृश्य : बरणीचं फडकं सोडलं जातं. आत लालभडक चटणी.]

निवेदन :
या बरणीसाठी आम्ही कॅमेरा बराच वेळ थांबवलाय. बाहेरची माणसं हिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. सांगलीत ही नुसती चटणी. उन्हाळ्यात वर्षाची करायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. धणे, जिरं, तीळ, खोबरं, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून डंकावर कुटून आणायचं. मग तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ घालून पुन्हा कुटायचं. आणि हळद अर्थातच इथली, जिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती.

घरात माणूस एक झालं म्हणून आज्जींनी चटणी बंद केली नाही. दोन किलो मिरचीची करायच्या, आता पाव किलोची करतात. पाव किलो मिरची वेगळी कुटायला डंकवाला तयार होत नाही, म्हणून गल्लीतल्या तिघी एकटी राहणाऱ्या बायका मिळून करतात आणि वाटून घेतात.

आमच्या मते एकट्याच्या स्वयंपाकाचं सगळं मर्म या बरणीत आहे. संध्याकाळी सात वाजता, दमून घरी आल्यावर, कुणालाही खोबरं भाजून वाटण करायचा उत्साह नसतो. तो नसतोच, हे मान्य करून चालायचं. उत्साह असतो तेव्हा करून ठेवायचं. बरणीत चटणी, डब्यात कूट, फ्रिजात सोललेला लसूण एवढं असलं की आमटी दहा मिनिटांत होते. ही बेगमी. या गावाला ती नवी नाही. इथून जवळच हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राखली जायची. 2005 च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली.

[दृश्य : जिना. वरच्या मजल्यावरची खोली. टेबलावर हेल्मेट, एका कोपऱ्यात एक शेगडी.]

निवेदन :
वरच्या खोलीत भाडेकरू आहे. जत तालुक्यातला मुलगा, कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर काम करतो. दोन वर्षं डबा लावला होता. पाळी बदलली की डब्याची वेळ चुकायची. रात्री दहाला घरी आल्यावर झाकण उघडायचं तर पोळी वातड आणि भाजीवर तेल गोठलेलं. मग वडापाव. मग रात्री उशिरा गाड्यावरचा भात.

अशा खाण्याची किंमत दवाखान्यात मोजावी लागते : रक्त कमी, साखर वर, पोट बिघडलेलं.

बाईट – भाडेकरू :
"आज्जी एकदा म्हणाल्या, कुकर हाय का तुझ्याकडं? म्हटलं, न्हाई. त्यांनी त्यांचा जुना दिला. दोन लिटरचा. म्हणाल्या, परत नको, पण रोज शिटी ऐकू आली पायजे खाली."

[दृश्य : कुकर. खालच्या भांड्यात डाळ, वरच्या भांड्यात तांदूळ.]

निवेदन :
भांडं लहान असणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. चार माणसांच्या कढईत एक वांगं टाकलं की मसाला पसरतो, पाणी उडतं, भाजी करपते. माणसाला वाटतं, आपल्याला स्वयंपाक येत नाही. लहान कुकर, लहान कढई आणि एक जाड तवा एवढं घेतलं की निम्मी विद्या आलीच.

त्याचा कुकर असा लागतो. खालच्या भांड्यात पाऊण वाटी तूरडाळ, वर अर्धी वाटी तांदूळ. डाळ साधीच शिजवायची, फोडणी नाही. निम्मी आज वरण : हिंग, हळद, मीठ, गूळ, वर तूप. निम्मी झाकून फ्रिजात. उद्या तिला लसणाची फोडणी, चमचाभर चटणी, आमसूल, पाणी. आमटी. शिजवताना एकदाच, खाताना दोन वेगळी जेवणं. भात उरला तर मात्र रात्रभर ओट्यावर राहू द्यायचा नाही. कोमट झाला की फ्रिजात. शिजवलेल्या भातात तगून राहिलेले जंतूंचे बीज उबेत वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर फोडणीत परतून जात नाही.

[दृश्य : भिजवलेली मटकी फडक्यात बांधताना.]

निवेदन :
दुसरं त्याचं हत्यार मटकी. रात्रपाळीला निघताना भिजत घालायची, सकाळी आल्यावर निथळून फडक्यात बांधायची आणि झोपायचं. उठेपर्यंत मोड डोकावतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. माणूस झोपलेला असताना मोड आणायचं काम मटकी स्वतःच करते. एकदा मोड आले की फ्रिजात तीन दिवस : एकदा उसळ, एकदा कांदा-लिंबू घालून कच्ची, एकदा भातात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये नवी आहारतत्त्वं काढली. दिवसाच्या ऊर्जेत धान्याचा भाग 45 टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं त्यात आहे. चहा-बिस्किट, पोहे, वडापाव, भात अशा दिवसात जवळपास सगळं धान्यच होतं, वर तेल. मटकीच्या एका फडक्यानं ते गणित बदलायला सुरुवात होते.

[दृश्य : भोगीची सकाळ. परात. बाजरीचं पीठ.]

निवेदन :
भोगीला बाजरीची भाकरी, तीळ लावून. एकाच भाकरीचं पीठ घेतलंय. बाजरीत गव्हासारखा चिवटपणा नाही, तो हातानं आणावा लागतो. कोमट पाणी थोडं थोडं घालत, तळहाताच्या टाचेनं पीठ पुढं रेटायचं, गोळा करायचं, पुन्हा रेटायचं. कडा चिरायच्या थांबल्या की पीठ झालं.

[दृश्य : भाकरी थापताना. फक्त आवाज, 20 सेकंद. निवेदन नाही.]

निवेदन :
तीळ वरून दाबले. भाकरी तव्यावर. आता पाण्याचा हात, कडेपर्यंत, एकही जागा कोरडी सोडायची नाही. कोरडी राहिली तर तिथं चीर पडते, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. पाणी सुकता सुकता उलटायची. दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला, भाकरी थेट आचेवर. आतल्या पाण्याची वाफ होते, ती वरचा पापुद्रा उचलते.

[दृश्य : भाकरी फुगते.]

निवेदन :
शेजारी लहान पातेल्यात भोगीची भाजी. आधी पावटा आणि सोलाणे, कारण ते उशिरा शिजतात. मग गाजर, घेवडा. वांगं शेवटी. झाकणाच्या ताटात पाणी ठेवलंय, थोडी भाजी असली की तळ लागायला वेळ लागत नाही. तीळ-शेंगदाण्याचं कूट, चटणी, चिंच, गूळ. वाट्यातली निम्मीच भाजी वापरली. सोललेला पावटा उरवलाय, त्याची परवा आमटी.

[दृश्य : ताट वाढताना. डावी बाजू, उजवी बाजू. आज्जी जेवायला बसतात. 40 सेकंद. निवेदन नाही.]

[दृश्य : संध्याकाळ. गूळ किसणारे हात.]

निवेदन :
दुसऱ्या दिवशी संक्रांत. गुळाच्या पोळ्यांची तयारी आज. किसलेला गूळ, भाजून कुटलेले तीळ, तेलात खमंग भाजलेलं बेसन, वेलदोडा. मळून एकजीव केलं की रात्रभर मुरतं. गुळाची पोळी ओलसर पुरणाची नाही, म्हणून डब्यात आठवडाभर सहज राहते. सणाचा एवढा पदार्थ एकट्यासाठी कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा पदार्थ मुद्दाम दाखवतोय.

बाईट – आज्जी :
"सहा करते. दोन उद्या मला. दोन वर त्याला, पहिली पाळी आहे त्याची, डब्यात नेईल. दोन राहतील, त्या मी गुरुवारी खाईन. तूप वेगळ्या डबीत द्यायचं, आधी लावलं की पोळी मऊ पडती."