कार्ल्याच्या काळोखात ३३ सेकंद

(दृश्य : चैत्यगृहाचं दार. पायऱ्यांवरून येणारे भाविक.)

दुपारचे साडेतीन. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून याच वेळेला गवाक्षातून ऊन आत उतरतं. वरच्या दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी उजळतात. खांबांमागे मात्र काळोखच. मला फोटो हवा आहे तो त्या काळोखाचा, त्यातले खांबांच्या तळाचे दगडी कुंभ ओळखू येतील असा.

परवानगी काढून ट्रायपॉड लावलाय. फिल्म इलफर्डची एफपी फोर प्लस, आयएसओ १२५. इथून उजेड मोजणारं मीटर बघितलं तर गवाक्षाचा लखलखाट त्याला फसवणार. म्हणून मी खांबामागे जाऊन फक्त सावली मोजते. फोटो काढायचा एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, पण इतक्या कमी उजेडात तिथे मीटर काहीच सांगत नाही. मग लेन्स पूर्ण उघडायची. एफ २ ला १ सेकंद. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, वेळ दुप्पट. २ पासून १६ पर्यंत ६ स्टॉप, म्हणजे ६४ सेकंद. पण मीटर काळ्या सावलीलाही राखाडी करू पाहतं. सावली सावलीच राहायला हवी, म्हणून २ स्टॉप कमी. १६ सेकंद.

(दृश्य : वहीतला हिशेब.)

इथे थांबलं की रोल वाया जातो. माझे गेलेत.

उजेड निम्मा तर वेळ दुप्पट, हा हिशेब जास्त वेळाच्या एक्स्पोजरला फिल्म पाळत नाही. प्रकाशामुळे तिच्यातल्या स्फटिकात चांदीचा एक अणू तयार होतो, पण तो एकटा फार टिकत नाही. तीन-चार जमले, तरच डेव्हलपर त्या स्फटिकाला काळं करतो. मंद उजेडात दुसरा येईपर्यंत पहिला गेलेला असतो. १९ व्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांचं तेज प्लेटवर मोजताना कार्ल श्वार्ट्सशिल्ड यांनी या तुटीला सूत्रात बसवलं. पुढे कृष्णविवरांच्या गणितात नाव झालं ते हेच.

इलफर्ड या फिल्मसाठी १.२६ हा घातांक देते. १६ चा १.२६ वा घात, ३३ सेकंद. गवाक्षाच्या उजेडाला ही तूट फारशी लागत नाही, त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढतो. डेव्हलप करताना वेळ थोडा कमी ठेवेन.

(दृश्य : केबल रिलीजवरचा अंगठा.)

शटर बी वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं. सुरू.

एकवीरेचं दर्शन घेऊन आलेल्या बायका स्तूपाकडे जातात. चालत्या माणसाची फिल्मवर खूण उरत नाही. त्यातली एक खांबाला हात टेकून वर बघत उभी राहते. ती पुसट का होईना, येईल.

३१. ३२. ३३.

खात्रीसाठी पुढची फ्रेम दुप्पट वेळेची, ६६ सेकंदांची.