फ्लेक्स उतरल्यानंतर

(सातारा जिल्ह्यातील एका गावी, नौदलात अग्निवीर म्हणून दाखल झालेल्या मुलामुलींच्या पालकांपुढे एका निवृत्त नौसैनिकाने केलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)

मंडळी, गावात शिरताना वेशीवर तीन फ्लेक्स दिसले. ‘भारतीय नौदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस फोटो, आणि त्यांच्या गर्दीत ज्याची निवड झाली त्याचाच फोटो शोधावा लागतो. असो. फ्लेक्सवर माझा राग नाही. माझ्या वेळी फ्लेक्स नव्हते. असते तर माझ्याही बापाने लावला असता.

पण त्या फ्लेक्सवरूनच सुरुवात करतो. मी काही वर्षं लोणावळ्याला, नौदलाच्या इंजिनांच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला होतो. एक पोरगा होता, मराठवाड्यातला. चिल्क्याला, म्हणजे नौदलाच्या बेसिक ट्रेनिंगला, दौडीत पहिल्या पाचात असायचा, ड्रिल खणखणीत. आमच्याकडे आला आणि पहिल्याच मोठ्या परीक्षेत गेला. पुन्हा दिली, पुन्हा गेला. मग रेलिगेट झाला, म्हणजे मागच्या बॅचमध्ये ढकलला गेला. सोबतचे पुढे निघून गेले. दीड महिन्याने सहज विचारलं, घरी काय म्हणाले रे? मान खाली. म्हणाला, “सर, घरी सांगितलंच नाही. गावात माझा फ्लेक्स लागलाय.”

दीड महिना तो दर रविवारी आईशी खोटं बोलत होता. रेलिगेशनपेक्षा त्या खोट्यानेच तो जास्त खचला होता.

आज मला बोलायचंय ते चिल्क्यानंतरच्या या काळाबद्दल. चिल्क्याची तुम्हाला आता माहिती आहे. ओडिशात खुर्दा जिल्ह्यात, त्या मोठ्या सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का. अग्निवीरांचं बेसिक ट्रेनिंग तिथे १६ आठवड्यांचं. पहिल्या तुकडीची पासिंग आउट परेड २८ मार्च २०२३ ला झाली, सूर्य मावळल्यावर, दिव्यांच्या उजेडात. जवळजवळ २,६०० जण होते, त्यात २७० च्या वर मुली. तुमच्यातले काही जण पुढच्या परेडना जाऊन आलेत. पोरगं ताठ चालत गेलं, तुम्ही रडलात, फोटो काढलेत, आणि परतीच्या गाडीत मनात आलं, सुटलो एकदाचे. अवघड होतं ते संपलं.

संपलेलं नसतं. चिल्क्याला अंग दमतं, पण डोकं मोकळं असतं. कधी उठायचं, काय घालायचं, कुठे पळायचं, सगळं दुसरा कुणीतरी ठरवतो. विचार करायला वेळच नाही, म्हणून घराची आठवणसुद्धा पहाटेची पाच मिनिटं येते आणि शिट्टी वाजली की जाते. पुढे ट्रेड ट्रेनिंगला, म्हणजे ज्याचं त्याचं काम शिकायला गेलं की ओरडणं कमी होतं आणि पुस्तकं येतात. इंजिनाकडचे लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, विजेकडचे जामनगरला आयएनएस वालसुरात, तोफांकडचे कोचीला द्रोणाचार्यमध्ये, स्वयंपाक, मेस आणि भांडाराकडचे मुंबईत मार्व्याच्या आयएनएस हमलात. तिथे वर्ग असतात, वर्कशॉप असतं, रोज संध्याकाळी अभ्यास असतो, ठराविक दिवशी बाहेर जायची लिबर्टी मिळते, आणि ठराविक वेळी फोन हातात येतो. चिल्क्याला पोराला दुसऱ्यांनी उभं केलं. इथे त्याने स्वतःला उभं ठेवायचं असतं. आणि नेमक्या याच वेळी तुम्ही त्याच्या आयुष्यात परत येता, त्या फोनमधून. म्हणून माझं सगळं बोलणं त्या फोनबद्दल आहे.

आपल्या भागात घरोघर फौजी. पण ते पायदळाचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, बेळगावला घडलेले. माझे आजोबाही तसलेच. मी लोणावळ्याहून पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, बंदूक कोणती दिली? म्हटलं, कानस दिली. आठवडाभर एका लोखंडी तुकड्यावर कानस मारत होतो, चारी बाजू काटकोनात येईपर्यंत. आजोबा पान खाता खाता म्हणाले, म्हणजे सरकारने तुला लोहार केला. घर हसलं, मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. लोणावळ्याला परत गेल्यावर ती कानस हातात धरवेना.

तो टोमणा प्रेमाचा होता, मला माहीत आहे. तरी सांगतो, असले टोमणे फोनवरून सोडू नका. पुढे विराटच्या बॉयलर रूममध्ये काम केलं तेव्हा कळलं ती कानस कशासाठी होती. वाफेवर चालणारं विमानवाहू जहाज ते. आत घामाने बूट भरतात, आणि एखाद्या जोडातून वाफ गळायला लागली तर ती डोळ्याला दिसत नाही; हात जवळ नेला तर हात जातो. तिथे केसाएवढी चूक चालत नाही. ही शिस्त गोळी झाडण्याइतकीच फौजी आहे. आयएनएस शिवाजीचं बोधवाक्यच ‘कर्मसु कौशलम्’ आहे, गीतेतलं. आजोबांना हे सांगायची तेव्हा माझी छाती नव्हती.

आणि ज्यांची मुलं दहावीवर लागली, स्वयंपाकी किंवा स्टुअर्ड म्हणून हमलात गेली, त्यांच्यापैकी काही आया मघाशी बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, आमच्या पोराला आचारी केलंय हो, पाहुण्यांना काय सांगू? ताठ मानेने सांगा. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या सिग्नलच्या प्रशिक्षण केंद्रात नौसैनिकांनी संप केला आणि बघता बघता तो जहाजाजहाजांवर पसरला, इंग्रज हादरले. त्याची ठिणगी कशावरून पडली? निकस जेवणावरून, आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्यांवरून. जहाजावरचं जेवण ही हलकी गोष्ट नाही.

आता अभ्यासाचं. आपली बरीच पोरं मराठी माध्यमाची. वर्गात हिंदी-इंग्रजी. विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन ज्याने बारा वर्षांचा असताना खोललंय, तो पोरगा परीक्षेत नापास होतो, कारण हाताला कळतं ते इंग्रजीत लिहिता येत नाही. घरचे म्हणतात, आम्ही अडाणी, आम्ही काय मदत करणार? तुम्हीच करू शकता. फोनवर म्हणा, बाबा रे, आपलं इंजिन सकाळी धूर काढतंय, काय झालं असेल? त्याला बोलू द्या. इंजेक्टर काय करतो, दाब कमी झाला की काय होतं, हे तो तुम्हाला मराठीत समजावायला लागला की त्याचं त्यालाच उलगडतं. मी शिकवताना हीच युक्ती करायचो: आधी तुझ्या भाषेत सांग, मग इंग्रजी शब्द चिकटव. डिझेल इंजिन कसं चालतं यात गुपित काही नाही.

गुपित कशात आहे तेही ऐका. जहाज कोणतं, कुठे जाणार, कधी, सोबत कोण, आत यंत्रं कसली, हे विचारू नका आणि त्याने चुकून सांगितलं तर पुढे पाठवू नका. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीची प्रकरणं उघडकीला आल्यावर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली होती. गोड बोलून माहिती काढणाऱ्या अनोळखी बाया फोनवर असतात, आणि त्या बाया असतीलच असंही नाही. घरच्या व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर त्याचा गणवेशातला फोटो आणि खाली ठिकाणाचं नाव, हे तर आजच काढून टाका. तो तुटक बोलतो म्हणून रुसू नका. तुटक बोलायला त्याला शिकवलेलं असतं.

पैशाचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून भांडणं फार होतात. पहिल्या वर्षी महिना ३०,००० म्हणतात, पण हातात २१,००० येतात. ९,००० सेवा निधीत जातात, तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांची अग्निवीराची मुदत संपली की त्या निधीतून व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात. म्हणजे पहिल्या पगारात बहिणीचं लग्न, विहिरीची पाइपलाइन आणि भावाची मोटारसायकल बसत नाही. त्याला मागू नका असं मी म्हणणार नाही, शेतकऱ्याचं घर मलाही माहीत आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री मागू नका. आणि सुट्टी वर्षाला ३० दिवसच. यात्रा, गणपती, लग्न, या तिन्हींना येशील ना, असं विचारून त्याला पेचात धरू नका. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे ठेवतात, ते चार वर्षांतल्या कामगिरीवरून. त्याच्या डोक्यात हे आकडे रोज फिरत असतात. तुम्ही वेगळी आठवण करून द्यायची गरज नाही.

शेवटचं, आणि माझ्यापुरतं सगळ्यात अवघड. मी लोणावळ्याला असताना माझी आजी गेली. तिनेच मला वाढवलं होतं. माझी परीक्षा तोंडावर होती, म्हणून वडिलांनी कळवलं नाही. तेव्हा पत्रं असायची, निळी अंतर्देशीय. महिनाभर प्रत्येक पत्रात ‘आजीचा आशीर्वाद’ असं लिहून येत राहिलं. परीक्षा झाली, पास झालो, सुट्टीवर आलो, एस.टी.तून उतरून थेट तिच्या खोलीत गेलो. खाट उभी करून ठेवली होती.

वडिलांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं घरून आलेल्या कुठल्याच चांगल्या बातमीवर माझा विश्वास बसला नाही. ‘सगळं ठीक आहे’ वाचलं की पोटात गोळा यायचा. म्हणून माझं मत असं झालंय की लपवू नये. मात्र रात्री अकराला रडत फोन करून पोराच्या अंगावर बातमी टाकूही नये. प्रत्येक मुलाला एक डिव्हिजनल ऑफिसर असतो, त्याच्या सुखदुःखाला जबाबदार. मुलगा तिथे रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्या अधिकाऱ्याचा किंवा कार्यालयाचा नंबर त्याच्याकडून घ्या आणि कपाटाच्या आत चिकटवून ठेवा. घरात मोठं काही घडलं तर आधी तिथे कळवा. कुणीतरी माणूस त्याला खोलीत बोलावून, पाणी देऊन, समोर बसवून सांगेल, आणि सुट्टीचं बघेल. एकट्या पोराने बराकीच्या जिन्यात उभं राहून ऐकावी अशी ही गोष्ट नाही.

एक मात्र करू नका. मार्क कमी पडले, ड्यूटी जास्त लागली, कोणी ओरडलं, यासाठी त्या नंबरवर फोन करू नका. एका वडिलांनी आमदाराची चिठ्ठी आणली होती. पोराला वर्षभर सगळे ‘आमदार’ म्हणत होते.

तो मराठवाड्यातला पोरगा? मी त्याला माझ्यासमोर घरी फोन लावायला सांगितला. वडिलांना म्हणाला, आबा, मी नापास झालो, मागच्या बॅचला टाकलंय. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग आबा म्हणाले, “तो फ्लेक्स मागल्या वादळात फाटला. गोठ्यावर घातलाय, म्हैस कोरडी राहते. तू जेवलास का?”

पुढच्या खेपेला तो पास झाला. फार वरचे मार्क नव्हते, पण झाला.

आज रविवार आहे, आणि माझ्या घड्याळात सातला दहा कमी आहेत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे फोन सातला वाजतात, मघाशी सांगितलंत. तेव्हा मी इथे थांबतो. ज्यांचे वाजणार नाहीत त्यांनी प्रश्न विचारा, बाकीच्यांनी बाहेर जा. देवळामागे रेंज चांगली आहे.